चार गुण की दोन?

१४ जानेवारी २०२३ची रात्र. बारामतीत भिगवण रोडला एका चहाच्या टपरीपुढे आम्ही दोघं एकाच मोबाइलमध्ये डोकी घालून उभे होतो. क्लिप असेल सात-आठ सेकंदांची. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची शेवटची कुस्ती झाली होती, सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, सिकंदर पडला आणि महेंद्रला चार गुण मिळाले. कुस्ती महेंद्रनं घेतली.

भांडण एवढ्यावरच होतं की पडताना सिकंदरची पाठ मातीकडे किती वळली. पुरेशी वळली असेल, म्हणजे कुस्तीच्या भाषेत तो धोक्याच्या स्थितीत गेला असेल, तर चार गुण. नसेल तर दोन. मी सिकंदरवाला. मित्र महेंद्रवाला. तो इंदापूर तालुक्यातला, मी बारामतीचा. कॉलेजपासूनची मैत्री. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रभर दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसलेला हाच माणूस.

मी क्लिप थांबवायचो, दोन बोटांनी मोठी करायचो आणि म्हणायचो, “हे बघ, खांदा बघ. कुठं वळलाय?” तो म्हणायचा, “कॅमेरा कुठल्या बाजूला आहे ते बघ की. पंच दोन हातांवर उभा आहे. तो खरा का तुझा मोबाइल खरा?”

“मोबाइल खरा,” मी म्हणालो. “माणूस चुकतो. व्हिडिओ चुकत नाही.”

हे वाक्य मी फार ठामपणे म्हणालो होतो. म्हणून ते आजही लक्षात आहे.

चहा गार झाला. आवाज चढले. मग विषय टांगेवरून ‘तुम्ही बारामतीवाले’ आणि ‘तुम्ही इंदापूरवाले’ इथं आला, आणि तिथून जिथं जायला नको तिथं गेला. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. त्या वर्षी आम्ही एकमेकांना तिळगूळ दिला नाही. नंतर जवळपास दोन महिने आम्ही बोललो नाही.

आम्हीच तेवढे वेडे होतो असंही नाही. त्या आठवड्यात अख्ख्या महाराष्ट्रात हेच चाललं होतं. ज्यांनी आयुष्यात कधी लंगोट बांधला नाही ते फ्रेम थांबवून कोन मोजत होते. काहींनी तर डाव बघायचाच सोडून दिला आणि आडनावं बघितली. पंचांना धमकीचा फोन गेल्याच्या बातम्या आल्या. एका टांगेचे दोन गुण इतके महाग पडू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

भांडण मिटल्यावरही प्रश्न डोक्यातून गेला नाही. ‘खरा श्रेष्ठ कोण?’ असं आपण विचारतो तेव्हा नक्की काय विचारतो? पैलवानाबद्दल विचारत असतो, की त्या प्रश्नाच्या आडून दुसरंच काहीतरी?

एक गोल फिरणारं गणित

आधी सरळ हिशोब करून बघू. जानेवारी २०२३मध्ये महेंद्रनं सिकंदरला हरवलं. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेनं महेंद्रला हरवलं आणि गदा खांद्यावर घेतली. म्हणजे महेंद्र सिकंदरपेक्षा सरस आणि शिवराज महेंद्रपेक्षा सरस. शाळेत शिकवलेल्या गणितानं शिवराज सिकंदरपेक्षा सरस ठरतो. वेगळी कुस्ती लावायचीही गरज नाही.

पण ती कुस्ती लागली. नोव्हेंबर २०२३मध्ये पुण्याजवळ फुलगावला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत सिकंदर आणि शिवराज समोरासमोर आले आणि सिकंदरनं बघता बघता शिवराजला चितपट केलं.

आता मांडा हिशोब. महेंद्र सिकंदरच्या वर, शिवराज महेंद्रच्या वर, सिकंदर शिवराजच्या वर. कुठूनही सुरुवात करा, फिरून तिथंच येता. तिघांची रांग लावायला गेलात तर गोल होतो, आणि गोलात पहिला नंबर नसतो.

साखर कारखान्याच्या काट्यावर असं कधी होत नाही. एक ट्रॉली दुसरीपेक्षा जड, दुसरी तिसरीपेक्षा जड, तर पहिली तिसरीपेक्षा जड असणारच. कारण वजन ट्रॉलीतल्या उसाचं असतं. शेजारी कोणती ट्रॉली उभी आहे यानं त्यात फरक पडत नाही. श्रेष्ठपणही असंच असतं असं आपण धरून चालतो. पैलवानाच्या आत ते ठराविक टन भरलेलं आहे, फक्त कुणीतरी काट्यावर घालायची खोटी. पण कुस्ती दोघांत होते. एकाची ढाक ज्याच्यावर हमखास बसते तोच गडी दुसऱ्याच्या घिश्श्याला दाद देत नाही. एकाची उंची एकासमोर बळ असते, दुसऱ्यासमोर अडचण. लहानपणी आपण दगड-कागद-कात्री खेळलो. त्यात सगळ्यात भारी कोण, असं कुणी विचारलं नाही. समोर काय आलंय, एवढंच बघितलं.

हे मातीपुरतं नाही. बॉक्सिंगमधला सगळ्यात गाजलेला गोल बघा. ८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझियरनं मुहम्मद अलीला हरवलं. जानेवारी १९७३मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला जॉर्ज फोरमननं त्याच फ्रेझियरला दुसऱ्याच फेरीत संपवलं. ऑक्टोबर १९७४मध्ये किन्शासाला फोरमन अलीला उभाच चिरणार, असं जवळजवळ सगळ्यांना वाटत होतं, कारण गणित तसंच सांगत होतं. अली दोराला टेकून मार खात राहिला, फोरमन मारून मारून दमला आणि आठव्या फेरीत पडला.

फुटबॉलवाल्यांना २०२२चा विश्वचषक आठवत असेल. नोव्हेंबरात सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ हरवलं. पोलंडनं सौदीला २-० हरवलं. अर्जेंटिनानं पोलंडला २-० हरवलं. पुन्हा गोलच. डिसेंबरात कप उचलला तो मेस्सीनं. सौदीला अर्जेंटिनापेक्षा श्रेष्ठ आज कुणी म्हणत नाही, पण त्या दिवशी सौदी जिंकलं होतं हेही कुणाला पुसता येत नाही.

यावर माझ्या मित्राचा आक्षेप रास्त होता. “एका दिवसाचं काय धरतोस? दहा कुस्त्या लाव. सात जो जिंकेल तो खरा.” बरोबर आहे. अलीनं पुढं फ्रेझियरला दोनदा हरवलं, त्यामुळं १९७१चा निकाल वेगळा दिसायला लागला. जास्त लढती झाल्या की नशिबाचा वाटा कमी होतो. पण दहा कुस्त्या लागेपर्यंत माणसं तीच राहत नाहीत. गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिश्को १९१०मध्ये लंडनला लढले तेव्हा अडीच तासांहून जास्त वेळ कुस्ती चालली आणि निकाल लागला नाही. झ्बिश्को बराच वेळ जमिनीला चिकटून राहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा कुस्ती ठरली, तो आलाच नाही. मग १९२८मध्ये पतियाळाला दोघं परत भिडले. दोघंही पन्नाशीला टेकलेले. गामानं मिनिटाच्या आत त्याला पाडलं. माणसं तीच, एकदा अडीच तास पुरले नाहीत, एकदा एक मिनिट खूप झालं. यातलं ‘खरं’ कोणतं? १९१०चं का १९२८चं? मला वाटतं, दोन्ही. श्रेष्ठपण दोन माणसांच्या मध्ये, एका दिवशी, एका नियमाखाली घडतं. त्याला त्या जागेवरून उचलून एकाच्या खिशात घालायला गेलं की हाती काही लागत नाही.

काटा कुणाचा?

नियमाखाली, असं म्हणालो. तो शब्द साधा नाही.

आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या नियमात एक गंमत आहे. फ्रीस्टाइलमध्ये एकानं दुसऱ्यावर दहा गुणांची आघाडी घेतली की सामना तिथंच थांबवतात. या प्रकारे जिंकण्याला नाव आहे ‘टेक्निकल सुपिरिऑरिटी’. तांत्रिक श्रेष्ठत्व! ज्या गोष्टीसाठी आपण मैत्री मोडतो तिची किंमत नियमावलीनं छापून ठेवलीय : दहा गुण. ग्रीको-रोमन प्रकारात तीच आठ गुणांना मिळते. आणि गुण समान झाले तरी मॅटवरची कुस्ती बरोबरीत सुटत नाही. मोठा डाव कुणाचा, ताकीद कुणाला जास्त, शेवटचा गुण कुणाचा, असं बघत बघत कुणालातरी विजयी करतातच.

आमच्याकडच्या जत्रेतल्या निकाली कुस्तीत यातलं काही नाही. गुण नाहीत. दोन्ही खांदे एकदम मातीला लागले तर निकाल, नाहीतर नाही. अर्धा तास एकजण दुसऱ्याला खाली दाबून धरून बसला तरी त्याला मिळतो तो फक्त लोकांचा आरडाओरडा. मॅटवर याच माणसाला गुण मिळाले असते. मग या दोन काट्यांपैकी खरा काटा कोणता?

खाशाबा जाधवांना हा फरक अंगावर झेलावा लागला. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस मातीत तयार झाला आणि १९४८मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला थेट मॅटवर जाऊन उभा राहिला. सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत, १९५२ला, वरच्या वजनगटात कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९४८चे खाशाबा सहाव्या नंबरचे पैलवान होते का? त्या काट्यावर होते. साताऱ्याच्या मातीत त्याच सहाजणांना उतरवलं असतं तर यादी वेगळी लागली असती. आणि वजनगट काढून टाकले असते तर ती आणखी वेगळी लागली असती. खाशाबांच्या छोट्या चणीला तर मग ऑलिंपिकचं दारच दिसलं नसतं.

काटा तर काटा, आमच्या काळात बाजारही दोन झाले. नोव्हेंबर २०२३मध्ये कुस्ती संघटनांच्या भांडणात महाराष्ट्र केसरी एकाच महिन्यात दोनदा झाली. फुलगावला सिकंदर जिंकला. धाराशिवला शिवराज जिंकला. २०२५मध्ये परत तेच झालं. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. एक महाराष्ट्र, एक किताब, दोन केसरी. चारही पोरांनी घाम गाळूनच गदा मिळवलीय, त्यांचा दोष काही नाही. पण ‘किताब ज्याचा तो श्रेष्ठ’ एवढं सोपं उत्तरही आता आमच्या हाती राहिलेलं नाही.

म्हणून चाहते ‘खरा’ हा शब्द आणतात. ‘किताब त्याला मिळाला असेल, खरा केसरी आमचाच.’ हा शब्द दोन तऱ्हेनं वापरता येतो. एक, निकाल लावताना चूक झाली असेल तेव्हा. काटाच वाकडा असेल तर खरं वजन वेगळं आहे, हे म्हणायलाच हवं. त्याशिवाय अन्याय दाखवता येत नाही. दोन, निकाल आपल्याला आवडला नसेल तेव्हा. दोन्ही वेळा शब्द तोच, आवाजही तेवढाच मोठा. बाहेरून फरक कळत नाही. खरी अडचण अशी आहे की आतूनही कळत नाही.

हे मला कळलं २०२५च्या फेब्रुवारीत.

बाजू बदलली

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केलं, असा निकाल पंचांनी दिला. शिवराजचं म्हणणं होतं की खांदे टेकलेच नाहीत. वाद वाढला, त्यानं पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढं अंतिम लढतीत पृथ्वीराजसमोर महेंद्र गायकवाड होता. एका गुणावरून महेंद्रचाही वाद झाला आणि काही सेकंद उरले असताना त्यानं मैदान सोडलं. गदा पृथ्वीराजला मिळाली. शिवराज आणि महेंद्र दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं.

आमचं तोवर सगळं सुरळीत झालं होतं. त्या रविवारी मी मित्राच्या वस्तीवर होतो. ऊसतोड चालू होती. पाचटाच्या ढिगाशेजारी बाजेवर बसून आम्ही परत एकाच मोबाइलमध्ये डोकी घातली. शिवराज हरला याचं मला वाईट वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर, २०२३ची गदा सिकंदरची होती आणि ती शिवराजकडे गेली, हा माझा जुना हिशोब तिथं मिटत होता. मित्राचे मात्र त्या दिवशी दोन्ही पैलवान गेले होते.

तो क्लिप थांबवत होता. दोन बोटांनी मोठी करत होता. “हे बघ, खांदा बघ. कुठं टेकलाय?”

आणि मी काय म्हणालो? “आरं, कॅमेरा कुठल्या बाजूला आहे ते बघ. पंच जवळ उभा होता. मैदानात पंचाचा निर्णय शेवटचा असतो. नाहीतर खेळ कसा चालायचा?”

लाथ मारणं चूक होतं, यावर आमचं दुमत नव्हतं. पण लाथ चुकीची म्हणजे निर्णय बरोबर, असं मी त्या भरात धरून चाललो होतो. एका माणसाची एक चूक दाखवून त्याची दुसरी तक्रार मोडीत काढणं किती सोपं असतं!

मित्राचे थोरले चुलते गोठ्यापाशी वैरण टाकत होते. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. तरुणपणी त्यांनी फड गाजवलेत, दोन्ही कान मोडलेले आहेत. त्यांनी हात झटकले आणि आमच्याकडं न बघता म्हणाले, “दोन वर्षांमागं ह्यो जे म्हणत हुता त्येच आज तू म्हणायलास. आन् तू जे म्हणत हुतास ते ह्यो. पंच बदलला न्हाई, मोबाइल बदलला न्हाई. तुम्ही बाजू बदलली नुसती.”

आम्ही हसलो. पण घरी येताना काटेवाडीपर्यंत माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. ‘माणूस चुकतो, व्हिडिओ चुकत नाही’ म्हणणारा मीच होतो. ‘पंचाचा निर्णय शेवटचा’ म्हणणाराही मीच होतो. मी खोटं बोललो होतो का? नाही. दोन्ही वेळा मला मनापासून तसंच वाटत होतं. भीती त्याचीच वाटली. खोटं बोलताना माणसाला निदान माहीत तरी असतं. इथं मला आधी निकाल आवडला किंवा आवडला नाही, मग त्याला शोभेल असं तत्त्व सापडलं, आणि हे इतक्या झटकन झालं की तत्त्व आधी आलं असंच मला वाटलं.

हे फक्त कुस्तीत होत असतं तर सोडून दिलं असतं. पण नीट आठवून बघा. आपल्या पोराला कमी मार्क पडले की पेपर तपासणारा बेजबाबदार, शेजाऱ्याच्या पोराला पडले की त्याचा अभ्यास कमी. आपल्या पक्षातून कुणी गेला तर गद्दार, आपल्याकडं कुणी आला तर त्याला उशिरा का होईना शहाणपण सुचलं. आमच्या भागात राजकारण घराघरांत आहे, त्यामुळं उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. कुस्तीचा वाद या सगळ्याची तालीम आहे. तिथं ज्या सवयी लागतात त्या आपण मैदानाबाहेर घेऊन येतो. म्हणून दोन गुणांचा प्रश्न मला आता छोटा वाटत नाही.

मग वाद घालायचाच नाही का?

यावर एक शहाणं वाटणारं उत्तर तयार असतं : ‘जाऊ द्या, सगळेच आपापल्या जागी श्रेष्ठ.’ ग्रुपवर भांडण तापलं की कुणीतरी हात जोडलेल्या इमोजीसकट हे टाकतंच.

मला हे उत्तर पटत नाही. यात पैलवानाचा अपमान आहे. पहाटे चारला उठून हजार-हजार जोर-बैठका मारणारा पोरगा, खुराकासाठी ज्याच्या बापानं म्हैस विकली तो पोरगा, ‘सगळे सारखेच’ हे ऐकण्यासाठी मेहनत करत नाही. फरक असतो. कुणाचा डाव सफाईचा असतो, कुणाचा ओढूनताणून. कुणाचा दम पहिल्या तीन मिनिटांत संपतो, कुणाचा तिथून सुरू होतो. श्रेष्ठपण गोलात फिरतं याचा अर्थ ते नाहीच, असा होत नाही. त्याला एकाच आकड्यात बांधता येत नाही, एवढाच होतो. आणि पंचाची चूक झाली असेल तर ‘जाऊ द्या’ म्हणणारा माणूस तटस्थ नसतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो गप्प बसवत असतो.

डब्ल्यू. बी. गॅली नावाचा एक ब्रिटिश तत्त्वज्ञ होता. १९५६मध्ये त्यानं एका निबंधात नेमकं आपल्यासारख्या चाहत्यांचं उदाहरण घेतलं. त्यानं एक काल्पनिक स्पर्धा रचली. तिथं प्रत्येक संघ आपापल्या पद्धतीनं खेळतो, कुणाचा भर वेगावर, कुणाचा ताकदीवर, आणि विजेता नुसत्या गुणांवर ठरत नाही, ‘सगळ्यात चांगला कोण खेळला’ यावर ठरतो. एखादा संघ त्या वेळेपुरता विजेता मानला जातो, पण इतरांचे चाहते आपलाच संघ खरा विजेता, असं म्हणत राहतात आणि नवे लोक आपल्या बाजूला ओढत राहतात. गॅलीचं म्हणणं असं की हा वाद कधीच संपणार नाही, आणि तरी तो निरर्थक नाही. कारण प्रत्येक बाजूला आपली पद्धत चांगली का, हे दाखवून द्यावं लागतं आणि त्यात खेळाचा दर्जा वर जातो. लोकशाही, कला यांसारख्या शब्दांचंही असंच असतं, असं तो पुढं म्हणतो.

गॅलीला आमची टपरी दाखवायला हवी होती. त्या भांडणाआधी ‘धोक्याची स्थिती’ म्हणजे काय हे मला धड माहीत नव्हतं. भांडलो म्हणून नियम वाचले. नियम वाचले म्हणून कुस्ती दिसायला लागली. आधी मला फक्त कोण वर, कोण खाली एवढंच दिसायचं. आता पट काढताना डोकं कुठल्या बाजूला आहे, टांग लावण्याआधी समोरच्याचा तोल कसा हलवला, हे दिसतं. हा त्या वादाचा नफा. तोटा म्हणजे दोन महिने न बोललेला मित्र. फरक कुठं पडतो? वाद करताना आपण डावाकडं बघत असतो की नावाकडं, इथं.

जोड

गेल्या वर्षी तात्यांबरोबर त्यांच्या गावच्या जत्रेच्या फडाला गेलो. हलगी कडाडत होती, हौदात लाल माती उकरून पाणी मारलेलं. मोठ्या कुस्त्या संध्याकाळी होत्या. दुपारभर रेवडीच्या, नारळाच्या कुस्त्या चालल्या होत्या, आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या. तात्यांना जोडी लावायला बसवलेलं.

मी ते काम पहिल्यांदाच नीट बघितलं. एक पोरगं येतं. तात्या त्याची उंची बघतात, मनगट धरतात, पोटरी चाचपतात, कुठल्या तालमीतला ते विचारतात. मग गर्दीत नजर फिरवून दुसऱ्याला बोलावतात, दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतात. नाही जमलं की एकाला परत पाठवतात. एका पोराचे वडील हट्टाला पेटले होते, “लावा की ह्याच्याशी, आमचं पोरगं उचलून टाकतंय त्याला.” तात्या म्हणाले, “म्हणून तर न्हाई लावत. उचलून टाकलं तर त्येला काय कळणार, किती बळ हाय अंगात?”

मराठीत जोड म्हणजे नुसती जोडी नाही. जोड म्हणजे तोडीस तोड. ‘त्याला जोड नाही’ असं आपण कौतुकानं म्हणतो. तात्यांच्या हिशोबानं ज्याला जोड नाही त्याची पंचाईतच आहे. जोड मिळाल्याशिवाय आपण केवढे आहोत हे कळत नाही. अलीला फ्रेझियर मिळाला म्हणून अली केवढा ते कळलं. हेच उलटही खरं.

महाराष्ट्र केसरीच्या मानकऱ्यांची यादी मी बरेचदा वाचलीय. त्यात आमच्या भागाच्या नावापुढं दोन ओळी आहेत. २००५, इंदापूर, सईद चाऊस. २००६, बारामती, अमोल बुचडे. लहानपणी मला त्या दोनच ओळींचा अभिमान होता. आता त्याच यादीतली दुसरी एक नोंद मला जास्त आवडते. काही वर्षांपुढं कुणाचंच नाव नाही. तिथं एकच शब्द लिहिलाय : अनिर्णित. एवढे पैलवान, एवढी मेहनत, हजारोंची गर्दी, आणि शेवटी पंचांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की ठरलं नाही. आज आपल्यापैकी किती जणांना ग्रुपवर हा शब्द टाइप करता येईल?

मित्र आणि मी अजून भांडतो. एक नियम मात्र केलाय. कुस्तीआधी सांगायचं की आपण काय मानणार, पंच का व्हिडिओ. नंतर बदलायचं नाही. पाळणं फार अवघड जातं. दोनदा मी मोडलाय, एकदा त्यानं.

परवा त्यानं एक क्लिप पाठवली. कुठल्यातरी लांबच्या मैदानातली, दोन्ही पैलवान अनोळखी. खाली फक्त एवढंच : ‘चार की दोन?’

मी क्लिप पाच-सहा वेळा बघितली. कोण कुठला, कुणाच्या तालमीतला, आडनाव काय, काहीच माहीत नव्हतं. बघायला फक्त पाठ होती आणि माती. मी लिहिलं, ‘दोन. पण पलीकडून बघितलं तर चार वाटतील.’

थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. ‘मी पलीकडूनच बघतोय. चार. रविवारी ये, भांडू.’